मराठी कागद

खासबाग, बेळगाव
१९ जानेवारी २०२५

ब्राह्मी,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. खोडाखोड केलेला कागद पाठवणं बरं दिसत नाही म्हणून हा नवा घेतला.

तुझा फोन माझा नंबर घेत नाही. मेसेजवर एकच खूण पडते आणि तशीच राहते. म्हणून पोस्टानं लिहिते. निपाणीचा पत्ता पाठ आहे, शेवटच्या परीक्षेनंतर तुझी पुस्तकं मीच बांधून पाठवली होती.

काम एवढंच आहे. आमच्या गावच्या डेटा सेंटरचा तो तीनशे चाळीस पानांचा कन्नड अहवाल, त्याची तू झेरॉक्स काढली होतीस. त्यातलं पान २११ मला हवं आहे. ऑफिसच्या कामासाठी. पंचायतीतली प्रत सुनावणीनंतर कंपनीनं परत नेली. माझं ऑफिस त्याच कंपनीचं, पण तिथली प्रत मला मागता येत नाही.

मी बरी आहे. खोली तीच. तुझ्या खाटेवर आता माझे धुतलेले कपडे पडलेले असतात. मागच्या आडाचं पाणी तू गाळून घ्यायचीस आणि फडक्यात राहिलेलं पुन्हा त्याच आडात सोडायचीस. मी हसायचे. तू म्हणायचीस, “ज्या पाण्यातला जीव, त्या पाण्यात परत.” मालकीणबाई अजून विचारतात, “ती जैनाची पोरगी कुठं गेली गं?” मी सांगते, तिचं लग्नाचं बघतायत. खोटं सांगते, पण दुसरं काय सांगू?

नोकरी चालू आहे. मशीनला मराठी शिकवते. लोक कंपनीकडे तक्रारी करतात, त्यांना उत्तर मशीननं द्यायचं असतं. ते उत्तर कचेरीतलं वाटू नये, घरच्या माणसानं लिहिल्यासारखं वाटावं, म्हणून मी नमुने लिहून देते. आतापर्यंत चार हजार झाले. आप्पा गावात सगळ्यांना सांगतात, “माझी लेक कॉम्प्युटरला शिकवतीया.” आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नाही. ते सांगतात तेव्हा मी मधे बोलत नाही.

पान तेवढं पाठव.

ऋतिका


खासबाग
१६ फेब्रुवारी २०२५

ब्राह्मी,

ऑफिसच्या कामासाठी पान हवं, हे खरं नव्हतं.

संक्रांतीला गावी गेले होते. सकाळी आप्पा मला गावविहिरीवर घेऊन गेले. ते नुसते कठड्याशी उभे राहिले. मीच पायऱ्या मोजल्या. अठरा उघड्या होत्या. जानेवारीत, ब्राह्मी. आपण दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी गाठींची दोरी आणि दगड घेऊन चाळीस विहिरी मोजल्या, तेव्हा हीच विहीर जानेवारीत आठ पायऱ्यांवर होती. तुझ्या वहीत असेल.

रताळ्याच्या वरंब्यांना पाणी एक दिवसाआड झालंय. कोबी तर यंदा कुणी लावलाच नाही.

काकतीकडून गावात शिरताना आता आधी ते डेटा सेंटर दिसतं. लांब, पांढरं, खिडक्या नसलेलं. गाव त्याला थंड गोदाम म्हणतं. दिवसरात्र पंख्यांची घरघर असते. आई म्हणते, आता ती थांबली तरच जाग येईल. थंडीत सकाळी छपरावरून पांढरी वाफ वर जाते. सुरुवातीला बाया पोरांना कडेवर घेऊन ती दाखवायला यायच्या.

शेजारच्या अक्काताईनं मला ओट्यावर बसवून विचारलं, “त्यात काय ठेवत्यात गं?”

“माहिती, अक्काताई. लोकांचे फोटो, हिशेब, पत्रं, सगळं.”

“मग पाणी कशाला वढत्यात?”

“मशीन तापतात. त्यांना गार ठेवायला लागतं.”

“म्हंजे माहितीला तहान लागती व्हय?” आणि ती बिनदातांची इतकी हसली की मलाही हसू आलं. मग म्हणाली, “लोकांचं फोटू गार राहावं म्हणून माझी म्हस तापली. चांगलं हाय की.”

सुनावणीबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहिते. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस आणि मला वाटतं तुझा एक गैरसमज आहे. मी खोटं बोलले नव्हते.

तुला आमचं गाव माहीत आहे. पहिल्या सुनावणीला कन्नड अहवाल आला तेव्हा पंचांतल्या मष्णूकाकांनी सतरंजीवरून उठून सांगितलं, “मराठीत कागद आल्याबिगर आम्ही बसणार न्हाय.” सगळे उठून गेले. दुसऱ्या वेळीही तेच. आप्पांनी तर तरुणपणी ह्याच मागणीसाठी काठ्या खाल्ल्यात. तिसऱ्या वेळी, जून २०२३ मध्ये, मी दोन पानांचा मराठी सारांश घेऊन आले. तेव्हा मी कंपनीत नवी होते, तीन महिन्यांची. देवळासमोर गुलाल उधळला गेला. ‘चाळीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या भाषेत कागद आला, आन् तो आमच्या भरमूच्या लेकीनं आणला.’ मष्णूकाकांनी तो कागद आधी देवीच्या पायांशी ठेवला. वाचला कुणी, मला माहीत नाही.

आणि मग तू उठलीस. निपाणीहून सकाळची पहिली बस धरून आली होतीस. तू पान २११ काढून कन्नडात वाचायला लागलीस, आणि पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ओरडा झाला. “मराठीत! मराठीत बोल!” ह्याच तोंडांनी ही माणसं बाजारात कन्नडात रताळ्याची घासाघीस करतात. त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्या दिवशी त्यांना ऐकायचं नव्हतं. तू पुढं काहीतरी सांगायला बघत होतीस, पण आप्पाच उभे राहिले. “पोरी, तू म्हणतीस ते आमच्या मराठी कागदात हाय का?”

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुमच्या सारांशात आहे का ते?”

मी म्हटलं, “नाही.”

ते खरंच होतं. सारांशात ते नव्हतं.

ऋतिका


मु. गावी
३ एप्रिल २०२५

प्रिय ब्राह्मी,

आज शब्द खोडत नाही. जे लिहीन ते तसंच पाठवणार आहे.

तुमच्या निपाणीकडे वार पाळतात का मला माहीत नाही, म्हणून सांगते. यात्रेच्या आधी आमचं गाव पाच मंगळवार पाळतं. त्या दिवशी नांगर नाही, विळा नाही, मोटार नाही. शेवटच्या वाराला चूलसुद्धा पेटवत नाहीत. आदल्या दिवशीची भाकरी खायची. दुसऱ्या दिवशी उजाडता पंच गावविहिरीवर जातात आणि पाणी किती पायऱ्या वर आलं ते बघतात. दरसाल दीड-दोन पायऱ्या येतंच. सगळ्या गावाच्या मोटारी एक दिवस बंद, झरे विहीर भरतात. तू आणि मी हे प्रकल्पात लिहिलं होतं. गाव म्हणतं, देवी चढली. मला दोन्ही सारखंच वाटायचं.

परवा शेवटचा वार होता. मी रजा काढून आले. गावात एक मोटार वाजत नव्हती, एका घरातून धूर नव्हता. उभ्या गावात धूर एकाच ठिकाणी होता, आणि तो धूरही नव्हता, गोदामाच्या छपरावरची वाफ होती. उन्हाळ्यात ती दिसेनाशी होते. त्या दिवशी पहाटे गार होतं म्हणून दिसली.

सोमवारी संध्याकाळी पाणी बाविसाव्या पायरीला होतं. काल उजाडता मी पंचांच्या मागं उतरले. तेविसावी पायरी उघडी होती. ती पायरी मी जन्मात पाहिली नव्हती. तिच्यावरचं शेवाळ अजून ओलं होतं.

पंचवीस-तीस माणसं वाकून त्या पायरीकडे बघत होती. मग मष्णूकाका म्हणाले, “देवी उतरली. कुणीतरी वार मोडलाय.”

ब्राह्मी, इतका स्वच्छ पुरावा आपल्याला प्रयोगशाळेत मिळाला नसता. सगळ्या गावानं एक दिवस श्वास रोखून धरला आणि पाणी तरी खाली गेलं. म्हणजे ते ओढणारं गावात नाही. एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी चार हजार उत्तरं लिहिलेली मुलगी. मी गप्प बसले.

विहिरीला लागून घर अक्काताईचं. विधवा, मागं कुणी नाही. बोट तिच्याकडे गेलं.

“रातीला मोटार लावलीस व्हय गं?”

“माझी मोटार शिमग्यापास्नं रिवायंडिंगला पडलीया, मष्णू. तुझ्याच पोराच्या दुकानात. इचार त्याला.”

दोघंतिघं हसले. मष्णूकाका हसले नाहीत. “मग इळा तरी लावला असशील.”

तिनं लपवलं नाही. “म्हशीला चार पेंढ्या वैरण कापली. म्हस वार पाळत न्हाय रं बाबा.”

झालं. कारण सापडलं. यंदा यात्रेत तिची ओटी देवीला चढणार नाही, असं ठरलं. सत्तर वर्षांची आहे ती. नवी खणसाडी जानेवारीतच घेऊन ठेवलीय, मला दाखवली होती. ती वाद न घालता घरात गेली आणि आतून कडी लावली.

आता ते सांगते, जे मी दोन पत्रं टाळलं.

सारांश करायला मला दोन दिवस दिले होते. तीनशे चाळीस पानं, कन्नड, तांत्रिक. मी ती मशीनलाच वाचायला दिली. तेव्हा सगळे तसंच करायला लागले होते. दोन पानांत मराठी करून दे म्हटलं. केलं. मला वाटलं होतं चुका असतील. नव्हत्या. तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट होतं: शहरातलं शुद्ध केलेलं सांडपाणी नळानं येईपर्यंत, आवारातल्या कूपनलिकांतून रोज नऊ लाख लिटर पाणी घेण्यात येईल. तो नळ कधी येणार याची तारीख कन्नड पान २११ वरही नव्हती, आणि मशीननं तेही नोंदवलं होतं: ‘कालमर्यादा नमूद नाही.’

मशीननं काही लपवलं नाही, ब्राह्मी. ते वाक्य मी पुसलं.

ऑफिसातल्या माझ्या वरच्या कुमार साहेबांनी सांगितलं असं म्हणता येईल. ते म्हणाले होते, “हे तात्पुरतं आहे, लोक उगीच घाबरतील. बघा तुम्ही.” बघा तुम्ही, एवढंच. पुसा असं ते म्हणाले नाहीत. पण माझी नोकरी पक्की व्हायची होती. आणि त्याहून मोठं म्हणजे मला त्या दिवशी देवळासमोर तो मराठी कागद घेऊन जायचं होतं. आप्पांना काठ्या खाऊनही जे मिळालं नाही, ते मी दोन पानांत आणणार होते. त्या वाक्यासकट आणला असता तर गुलाल उडाला नसता.

म्हणून मी ‘नाही’ म्हटलं ते खरं होतं. ते मीच खरं करून ठेवलं होतं.

पान पाठव. मला ते देवळासमोर वाचायचं आहे. माझ्या नुसत्या तोंडावर कुणी विश्वास ठेवणार नाही. अक्काताईची ओटी तरी चढली पाहिजे. यात्रा बावीस तारखेला आहे.

तुझी
ऋतिका


मु. गावी
२० एप्रिल २०२५

प्रिय ब्राह्मी,

पान परवा मिळालं. सोबत चिठ्ठी नव्हती; मी पाकीट फाडून आतल्या कडासुद्धा तपासल्या.

कन्नड ओळीखाली तुझं पेन्सिलीचं अक्षर आहे. बारीक, सुवाच्य, मराठीत. तूच केलेलं भाषांतर. शेवटी तू लिहिलंयस, ‘आधी मूळ वाचायचं, म्हणजे मनचं सांगते असं कुणी म्हणणार नाही. मग हे. सावकाश.’ खाली तारीख आहे, सुनावणीच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे तू मराठी घेऊन आली होतीस. एक मिनिट थांबले असते लोक तर पुढचं वाक्य मराठीच होतं. आणि ते मिनिट तुला मी मिळवून देऊ शकले असते, दोन हातांच्या अंतरावर तर बसले होते.

काल संध्याकाळी देवळासमोर यात्रेच्या बैठकीत मी उभी राहिले. तुझ्यासारखंच केलं. आधी कन्नड वाचलं. कुणी ओरडलं नाही. मग तुझी पेन्सिलीची ओळ वाचली, सावकाश. मग सांगितलं की हे वाक्य मराठी कागदात होतं आणि ते मी पुसलं.

गोदामाची घरघर चालूच होती. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

मष्णूकाका म्हणाले, “आम्ही त्या कागदावर अंगठं केल्यात, पोरी.”

“व्हय, काका.”

“देवीच्या पायापाशी ठिवला हुता त्यो.”

“व्हय.”

“मग आता वाचून काय करायचं?”

मी अक्काताईचं बोलले. तिनं वार मोडला म्हणून पाणी गेलं नाही, हे तरी आता कळलं ना, असं म्हटलं. ते म्हणाले, “कागदाचं कागदापाशी, देवीचं देवीपाशी. इळा लावला का न्हाय तिनं? लावला.” माणूस दुष्ट नाही, ब्राह्मी. गोदामाला शिक्षा करणं त्यांच्या हातात नाही. अक्काताईला करणं आहे.

नोकरी राहणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून आज सकाळी सामान आणायला ऑफिसला गेले. गेटवर माझं कार्ड चालेना. वॉचमन ओळखीचा आहे, त्यानं तीनदा पुसून लावून बघितलं, मग माझ्याकडे बघायचं सोडून दिलं. माझा डबा आणि छत्री आतच राहिली.

ऋतिका


मु. गावी
१८ मे २०२५

प्रिय ब्राह्मी,

अक्काताईची ओटी चढली नाही. यात्रेच्या दिवशी ती नवी साडी नेसून ओट्यावर बसून होती. मी जाऊन शेजारी बसले. म्हणाली, “बस. साडी तर नेसली की न्हाय? देवीला काय दिसत न्हाय हितनं?” आणि तंबाखूची डबी पुढं केली, ती तुमच्या निपाणीचीच होती.

जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या बाई चांगल्या होत्या, मला खुर्ची दिली. फाइल काढून दाखवली. हरकत घ्यायची मुदत तीस दिवस होती, ती २०२३ मध्ये संपली. फाइलमध्ये ग्रामस्थांची संमती जोडलेली आहे, दोन पानं, मराठी. बाई म्हणाल्या, “मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला समजलं नाही असंही म्हणता येणार नाही.” मी त्या पानावर हात ठेवला. माझंच टायपिंग होतं.

घरी येऊन कंपनीच्या पानावर तक्रार लिहिली. गावची रहिवासी म्हणून, नाव-गावासकट. पाठवली आणि फोन खाली ठेवायच्या आत उत्तर आलं. ‘आपल्या गावच्या पाण्याची काळजी आम्हालाही आहे. आपण वेळ काढून कळवलंत, याबद्दल मनापासून आभार. आपली तक्रार नोंदवून घेतली असून योग्य त्या विभागाकडे पाठवली आहे.’

आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “लई चांगलं लिवलंय. आपल्या माणसानं लिवल्यागत.” मग माझ्या तोंडाकडे बघितलं. वाक्यं माझी होती. आभार कुठं मानायचे, कुठं थांबायचं, सगळं मीच शिकवलेलं. आमच्या गावाला कुठल्याही कचेरीनं आजवर इतकं नितळ मराठी लिहिलं नव्हतं. आणि ते ओळभर मराठी गार ठेवायला विहिरीतलं थोडं पाणी वर गेलं असणार. म्हणून मी दुसरी तक्रार लिहिली नाही.

आप्पा देवळासमोरच्या त्या बैठकीनंतर माझ्याशी पंधरा दिवस बोलत नव्हते. मग एका सकाळी खुंटीवरची तुझी-माझी गाठींची दोरी काढून म्हणाले, “चल.” तेव्हापासून आम्ही रोज विहिरीवर जातो. ते दगड सोडतात, दोरी वर घेतात, ओली कुठपर्यंत आहे ते बघून गाठी मोजतात आणि मी वहीत लिहिते. अकरा गाठी. नऊ. सहा. हे कुणाला दाखवायचं, ते त्यांनी विचारलं नाही. मलाही माहीत नाही. तू म्हणायचीस, ज्या पाण्यातला जीव त्या पाण्यात परत. हे पाणी परत येण्याजोगं कुठं जात नाही, ब्राह्मी. छपरावरून वर जातं.

तू उत्तर लिहावंस म्हणून हे लिहीत नाही. पान पाठवलंस, तेवढं माझ्या वाट्याचं होतं. ते वहीत चिकटवून ठेवलंय, पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून वर प्लास्टिक लावलंय.

आज सकाळी दगड टेकल्याचा आवाज आला, मऊ, चिखलात पडल्यासारखा. आप्पांनी दोरी सावकाश वर ओढली आणि माझ्या हातात दिली. मी पहिल्या गाठीपासून हात फिरवत गेले. शेवटच्या गाठीपर्यंत कोरडी होती.

मी वही उघडून थांबले. काय लिहू, विचारलं.

आप्पा कठड्यावर बसले. “कोरडी म्हणून लिही,” म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “दोनी भाषांत लिही.”

ऋतिका